दोन पार्कांचं एक तिकीट: घ्यायचं की नाही?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)



मुलांच्या परीक्षा संपत आल्या की आपल्या चाकणच्या आसपास घरोघरी एकच विषय निघतो. इमॅजिकाला कधी जायचं? वर्गातलं एखादं पोर जाऊन आलेलं असतं, ते बाकीच्यांना रंगवून सांगतं आणि मग आपल्या घरी जेवताना-खाताना त्याचीच टकळी. तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात येते: थीम पार्क आणि वॉटर पार्क, दोन्हींचं मिळून एक तिकीट, इतके रुपये वाचवा. घरातलं कुणीतरी म्हणतं, "एवीतेवी जातोयच, तर दोन्ही घेऊन टाकू." म्हणणारा दुसरा असतो, आणि पैसे बहुतेक वेळा निघतात ते बाईच्या डब्यातून. दोन-तीन बचत गटांच्या बैठकीत मला हेच विचारलं गेलं, की ताई, हे दोन्हींचं तिकीट खरंच स्वस्त पडतं का? म्हणून आज त्यावरच बोलते.

आधी जागा समजून घेऊ. इमॅजिका आहे रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. २०१३ साली तिथं थीम पार्क सुरू झालं, म्हणजे मोठमोठ्या राईड्स, खेळ, संध्याकाळची मिरवणूक. २०१४ मध्ये शेजारी वॉटर पार्क आलं आणि त्यानंतर बर्फाचं स्नो पार्क. २०२२ मध्ये हे सगळं संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. आपल्या नाशिक रस्त्यावरचंच संगमनेर. लोणावळ्याचं आणि शिर्डीचं ‘वेट अँड जॉय’ वॉटर पार्क ऐकलं असेल, तेही मालपाण्यांनीच उभं केलेलं. थोडक्यात, एकाच आवारात तीन वेगवेगळी दारं आहेत आणि प्रत्येक दाराचं तिकीट वेगळं. दोन दारं एकत्र घेतली की सवलत.

आता आपली जत्रा आठवा. निमगावच्या खंडोबाच्या जत्रेत पाळण्याचे पैसे पाळण्याला, जादूच्या खेळाचे जादूच्या खेळाला. जेवढं बसलात तेवढंच दिलंत. अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडलं तेव्हा तिथंही काहीसं असंच होतं. कुपनांचं पुस्तक मिळायचं, साध्या खेळाला साधं कुपन, भारी खेळाला भारी कुपन. १९८२ मध्ये त्यांनी ती कुपनं बंद केली आणि एकच तिकीट ठेवलं: आत या, दिवसभर काय हवं ते करा. आज आपल्याकडच्या मोठ्या पार्कांतही तीच पद्धत आहे. फरक लक्षात घ्या. जत्रेत आपण पाळणा विकत घेतो, पार्कात आपण दिवस विकत घेतो. आणि दिवस तर एकच असतो! दोन पार्कांचं तिकीट घेतलं म्हणून संध्याकाळ दोन तास उशिरा होत नाही.

म्हणून पहिला हिशेब रुपयांचा करायचाच नाही, घड्याळाचा करायचा. चाकणहून खोपोली म्हणजे आधी तळेगाव, मग द्रुतगती मार्ग, मग घाट. अंतर फार नाही, पण चाकण-तळेगाव रस्ता कसा आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. कंटेनरच्या मागे अडकलं की अर्धा तास तिथंच. समजा, पहाटे सहाला निघालात आणि पार्क उघडायच्या वेळेला दारात उभ्या राहिलात. आत तुमच्या हातात साधारण आठ तास. त्यातला जेवणाचा एक तास काढा. राहिले सात. मे महिन्याच्या रविवारी एका मोठ्या राईडच्या रांगेत पाऊण तास सहज जातो, दोन मिनिटं राईड चालते, मग पुढची शोधायची, मध्येच धाकट्याला लघवीला न्यायचं. तासाला एक राईड झाली तरी पुष्कळ. म्हणजे सात तासांत सात. थीम पार्क एवढ्यानंही पुरं होत नाही.

आता याच दिवसात वॉटर पार्क बसवून बघा. कपडे बदलायला, सामान लॉकरमध्ये ठेवायला अर्धा तास. बाहेर येऊन अंग पुसायला, पोरांची डोकी कोरडी करायला, ओले कपडे पिशवीत कोंबायला आणखी अर्धा तास. हे अर्धे तास कुणाचे जातात? आपले. पुरुष टॉवेल झटकून बाहेर चहाला उभे राहतात.

त्यामुळे जाहिरात बघितली की पहिला प्रश्न हा विचारा: ही दोन तिकिटं एकाच दिवशी वापरायची आहेत, की दोन वेगवेगळ्या दिवशी चालतात? एकाच दिवशी असतील तर माझं मत स्पष्ट आहे, लहान मुलं आणि म्हातारी माणसं असलेल्या घरानं ते घेऊ नये. वेगळ्या दिवशी चालत असतील तर दुसरा प्रश्न येतो तो रात्री राहण्याचा. मुक्कामाचा खर्च, दुसऱ्या दिवशीचं खाणं, आणि घरी गोठ्यात जनावर असेल तर धार कोण काढणार हेही.

आता रुपये. मी जे आकडे सांगते ते फक्त समजुतीसाठी आहेत, खरे दर दिवसागणिक बदलतात, ते त्यांच्याच संकेतस्थळावर बघा. समजा थीम पार्क माणशी १५००, वॉटर पार्क ११००, दोन्ही मिळून २१००. जाहिरात म्हणेल, माणशी ५०० वाचले. घरात सहा माणसं, म्हणजे ३००० वाचले. ऐकायला किती गोड! पण नुसतं थीम पार्क केलं असतं तर सहा जणांचे ९००० लागले असते. दोन्हींचे लागले १२,६००. म्हणजे डब्यातून ३६०० जास्तच गेले की. ते ३६०० कशासाठी गेले? तर दुपारी चारनंतर, दमलेल्या पायांनी, दोन तास पाण्यात जाण्यासाठी. त्यावर पोहण्याच्या कपड्यांचं भाडं आणि लॉकर वेगळं. हे सगळं ऐकूनही कुणाला वाटलं की मुलांच्या आनंदापुढे ३६०० काही नाहीत, तर जरूर घ्या. फक्त ‘वाचले’ या शब्दावर जाऊ नका.

माझ्या ओळखीच्या एका ताईंनी हा हिशेब माणसं धरून केला, आणि मला तो फार आवडला. त्यांचं घर सहा जणांचं. नवरा कंपनीत, मोठा मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची, सासूबाई, आणि सुट्टीला आलेला भाचा. त्यांनी वहीत प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलं, हा माणूस तिथं नक्की काय करणार? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या पाण्यात उतरणार नाहीत. मुलगी उंच राईडवर बसू शकणार नाही, कारण तिथं किमान उंचीची अट असते. मोठी पोरं मात्र सगळीकडे जाणार. आणि स्वतःच्या नावापुढे त्यांनी आधी काय लिहिलं होतं माहीत आहे? ‘पिशव्या.’ मुलीनं वाचलं आणि विचारलं, "आई, तू काहीच खेळणार नाहीस?" मग त्यांनी ते खोडलं.

बायांनो, हे ‘पिशव्या’ प्रकरण जरा मनावर घ्या. पूर्ण तिकिटाचे पैसे भरून आपण दिवसभर बाकावर सामान राखत बसतो. लॉकरचे पैसे वाचवले म्हणून समाधान मानतो. लॉकर घ्या. इमॅजिकात ‘आय फॉर इंडिया’ म्हणून एक राईड आहे, खुर्चीत बसून समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर आपला देश आकाशातून उडत बघितल्यासारखा दिसतो. ज्यांना उंच पाळण्याची भीती वाटते त्यांनीही विचारून बघावी. मात्र पोटुशी बाई, हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा पाठीचा त्रास असलेली माणसं यांनी प्रत्येक राईडच्या दाराशी लावलेली पाटी वाचूनच पुढं जावं.

त्या ताईंच्या वहीतून आणखी एक गोष्ट निघाली, ती म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकच तिकीट घेतलं पाहिजे असं कुठं आहे? दोन्हींचं तिकीट घ्यायचंच असेल तर ज्यांना वापरायचं आहे त्यांच्यापुरतं घ्या. पण मग उरलेली माणसं तेवढा वेळ कुठं बसणार, तेही आधी ठरवा. सासूबाईंना उन्हात एकटं बसवून चालणार नाही.

वॉटर पार्कबद्दल दोन गोष्टी उघडपणे बोलते, कारण जाहिरातीत त्या कुणी सांगत नाही. साडी नेसून किंवा सुती कपड्यांत तलावात उतरू देत नाहीत, नायलॉनचे किंवा तसल्या कापडाचे कपडे लागतात. पूर्ण बाह्यांचे, पायघोळ असे पोहण्याचे कपडे बाजारात मिळतात, संकोच वाटत असेल तर ते आधी घरी घालून बघा. आणि दुसरी गोष्ट पाळीची. तिकीट महिनाभर आधी काढायचं तर आपली तारीख मोजूनच काढा, आणि दिवस बदलून मिळतो का, किती पैसे कापतात, हे पैसे भरण्याआधी विचारा. जोडतिकिटात एक दिवस हुकला तर सवलत तर गेलीच, वर पाण्याचे पैसेही गेले.

खाणं. बाहेरचे डबे आत नेऊ देत नाहीत. लहान बाळाचं खाणं, औषधं यांची सोय काय ते विचारा. आपल्या भाकरी-चटणीचा डबा गाडीत ठेवा आणि आत जायच्या आधी, बाहेर आल्यावर खा. आतला एका वेळच्या जेवणाचा खर्च मात्र धरायलाच हवा.

दिवस कोणता निवडायचा? इथं आपल्या भागाचा फायदा आहे. भोसरी-चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. मुंबई-पुण्याची गर्दी पार्कात येते शनिवार-रविवारी. मुलांच्या सुट्टीत गुरुवारी गेलात तर रांगा कमी, आणि दरही बहुधा उतरलेला. रविवारी दोन पार्कांचं तिकीट घेऊन जेवढं पदरात पडतं, तेवढं गुरुवारी एकाच पार्कात पडेल, असं मी म्हणेन.

पैसे उभे करण्याबद्दल. गटातून अंतर्गत कर्ज काढून सहलीला जाऊ नका. शेकडा दोन रुपयांनी ९००० घेतले तर पहिल्याच महिन्याचं व्याज १८० होतं. त्यापेक्षा गणपतीनंतर पाच-सहा जणींनी सहलीची भिशी लावा. महिना दीड हजार टाकले तर आठ महिन्यांत १२,००० होतात, तिकीट आणि गाडीचं भाडं त्यात बसतं. सगळा गटच जाणार असेल तर पार्कला फोन करून मोठ्या गटासाठीचा दर विचारा, आणि नवऱ्याच्या कंपनीत कामगारांसाठी काही सवलत आहे का तेही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘अर्ध्या किमतीत तिकीट’ वाल्या लिंकला मात्र हात लावू नका. पैसे द्यायचे ते पार्कच्या अधिकृत ठिकाणीच.

ज्यांना शिर्डीला जायचंच आहे त्यांच्यासाठी एक वेगळा विचार. तिथं साईतीर्थ म्हणून पार्क आहे, त्यात बसून बघण्याचे खेळ जास्त, आणि लगतच वॉटर पार्क. चाकणहून नाशिक रस्त्यानं संगमनेरवरून सरळ वाट. इथं दोन पार्कांची सांगड जमू शकते, कारण म्हातारी माणसं साईतीर्थात रमतात आणि पोरं पाण्यात. पण दर्शनाची रांग त्याच दिवशी धरू नका, अर्धा दिवस तिथंच जाईल. एक मुक्काम धरूनच निघा.

आणि तिकीट काढायच्या आधल्या रात्री पोरांना भिंतीशी उभं करून, चपला काढून, उंची मोजा. इमॅजिकात मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. शाळेचा दाखला दाखवून तिथं भांडण्यात अर्थ नाही. सासू-सासऱ्यांचं आधार कार्ड मात्र बरोबर ठेवा, ज्येष्ठांना वेगळा दर असतो.

येते मी. नमस्कार.