दोन डिस्क आणि तिसरी



घरच्या संगणकात दोन हार्डडिस्क बसवून प्रत्येक अक्षर दोहींवर एकाच वेळी लिहिणे, याला ‘मिररिंग’ म्हणतात. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनी ‘रेड’ पद्धतीच्या पायऱ्या मांडल्या. त्यांतली ही पहिली.

डिस्क निवडाव्यात कशा? आकार सारखा असावा. ४ टेराबाइटला ८ची जोड दिली, तरी जागा ४च मिळते. मात्र दोन्ही एकाच खेपेतल्या नसाव्यात. एका घडणीचा दोष दोघींत असला, तर दोघी बरोबरच आजारी पडायच्या! एक गेली की नवी भरायला, सेकंदाला १५० मेगाबाइट या गतीनेही, साडेसात तास लागतात. तोवर सारा भार उरलेल्या एकीवर. ‘एसएमआर’ डिस्कमध्ये लिखाणाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. पुष्कळ वेळ लिहिताना ती मंदावते. म्हणून ‘सीएमआर’ पाहून घ्यावी.

ही सारी पथ्ये आम्ही पाळली. आणि एका संध्याकाळी आईच्या छायाचित्रांचा कप्पा आमच्याच हातून पुसला गेला. आरसाच तो! दुसऱ्या डिस्कवरूनही त्याने तो त्याच क्षणी पुसला. यंत्र मोडले तर आरसा तारतो. माणूस चुकला तर नाही.

तेव्हा दोहोंबरोबर तिसरीचेही पैसे बाजूस काढा. तिच्यावर नेमाने नक्कल उतरवा आणि एरवी ती संगणकापासून सोडवून, शक्य तर दुसऱ्या घरी ठेवा. आम्ही तिसरी घेतली, पण छायाचित्रे गेल्यावर. आपण आधी घ्यावी, एवढीच विनंती.