उपचारानंतरची पंधरा वर्षे

कवटीच्या तळाशी होणाऱ्या कॉर्डोमासारख्या गाठींवरची ही परिषद सोलापुरात कशासाठी, असे कोणी विचारील. हा आजार दहा लाख माणसांमागे वर्षाला जेमतेम एकाला होतो. 2011 च्या जनगणनेनुसार 43 लाखांच्या आमच्या जिल्ह्यात वर्षाला चारेक रुग्ण, त्यांतही कवटीच्या तळाशी गाठ असलेला एखाददुसरा. पण ही गाठ काढली म्हणजे संपली, असे होत नाही. गर्भावस्थेतील नोटोकॉर्डच्या अवशेषांतून ती उगवते आणि मेंदूचा देठ, मानेतून वर गेलेल्या मोठ्या रक्तवाहिन्या, डोळ्यांच्या नसा यांना बिलगून वाढते. शल्यविशारद कितीही निष्णात असला तरी काही पेशी मागे राहू शकतात. त्यांच्यासाठी प्रोटॉन किरणांचा उपचार असतो. तो खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये उपलब्ध आहे. तरीही गाठ पुन्हा येते, कधी दहा वर्षांनीही. म्हणून सुरुवातीला वर्षातून दोनदा आणि नंतर दरवर्षी, अशी दहा-पंधरा वर्षे एमआरआय तपासणी लागते. शस्त्रक्रिया मुंबईत होते. ही वर्षे मात्र रुग्ण करमाळ्यात, सांगोल्यात, अक्कलकोटात काढतो. माझ्या मते पुनरुद्भवाची लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते.

यावर कोणी म्हणेल, इतक्या थोड्या रुग्णांसाठी जिल्ह्याने यंत्रणा कशाला उभारायची? यंत्रणा नवी उभारायचीच नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली 346 गावे तिच्या कक्षेत आली. याच रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी पाहणी झाली. आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष 2009 साली जगापुढे आले. जिथे हे घडले, तिथे मूठभर रुग्णांचा मागोवा ठेवता येणार नाही, हे मी मान्य करीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: वारंवार तपासण्यांनी रुग्णाच्या मनात भीती घर करते, आणि पुन्हा आलेली गाठ दरवेळी आटोक्यात येतेच असे नाही. हे खरे आहे. पण गाठ लहान असताना कळली तर पुन्हा शस्त्रक्रियेचा किंवा किरणोपचाराचा विचार तरी करता येतो. एकाचे दोन दिसू लागले, घास गिळवेना, तोवर थांबलो तर पर्याय फारच थोडे उरतात, कारण मेंदूच्या देठाला आधीच मिळालेली किरणांची मात्रा पुढच्या उपचाराला मर्यादा घालते.

म्हणून यजमान या नात्याने माझी एकच विनंती: कॉर्डोमाच्या रुग्णाला घरी सोडताना पुढच्या तपासणीची तारीख आणि त्याच्या जिल्ह्यातल्या जबाबदार डॉक्टरचे नाव कागदावर लिहून द्यावे, असा ठराव या परिषदेने करावा.