बी ओळखा, रोप ओळखा

पावसाळा सुरू झाला की परभणीत परसात, बांधावर, उकिरड्यावर न पेरलेली रोपं उगवतात. उपटण्याआधी जरा निरखा.

चिंचेचं रोप जाड डाळिंब्या जमिनीवर उचलून येतं, लगेच बारीक संयुक्त पानं काढतं. आंब्याची कोय मात्र मातीतच राहते. वर येतात ती तांबूस, लोंबती पानं. चुरगाळली की कैरीचा वास. सीताफळाचं बी काळं, तुकतुकीत, कडक. उगवायला महिनाही लावतं. (या बियांची पूड डोळ्यांत गेली तर घातक, मुलांना जपा.)

खरी गंमत जांभळाची. एका बीमधून दोन-तीन रोपं निघतात, पानं समोरासमोर येतात. पण बी फार टिकत नाही. फळ खाल्लं की आठवड्याभरात लावावं. पपईची पहिली पानं साधी असतात, हातासारखी फाटलेली नंतर येतात. तिथं बरेच जण फसतात.

आणि केशर आंब्याची कोय लावून केशरच मिळेल, असं धरू नका. हुबेहूब तेच फळ हवं असेल तर वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात चौकशी करा किंवा परवानाधारक रोपवाटिकेतून कलमच घ्या.