मिठाची मासोळी



लालबागच्या आमच्या चाळीत गिरणीतल्या साच्यावर काम करणारे एक वारकरी आजोबा राहायचे. रात्रपाळी नसली की जेवण उरकून पोथी उघडायचे. ज्ञानेश्वरी चाळीत बऱ्याच घरांत होती. यांच्याकडे ज्ञानेश्वरांचा ‘अमृतानुभव’ही होता. मी तेव्हा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकत होतो. एकदा म्हणालो, “आजोबा, माऊली कवी म्हणून थोरच, पण विचार शंकराचार्यांचाच ना?” त्यांनी पेलाभर पाणी घेतलं, त्यात खडेमिठाचा एक खडा सोडला आणि म्हणाले, “ही मिठाची मासोळी. पाण्यात जगेल? आणि पाण्याबाहेर?”

हा दृष्टान्त ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणातला. अज्ञान खरं म्हणता येत नाही, खोटंही म्हणता येत नाही, पण ज्ञान झालं की ते जातं, असं शंकराचार्यांचा अद्वैत वेदान्त मानतो. ज्ञानदेव विचारतात, मग हे अज्ञान राहतं कुठे? ज्ञानात राहिलं तर विरघळेल. ज्ञानाला सोडून राहिलं, तर ते आहे हे कळणार कुणाला? जे मुळात नाहीच, त्याचा नाश ज्ञानाने कसा करायचा? दहा प्रकरणांच्या, आठशेच्या आसपास ओव्यांच्या या ग्रंथात एकट्या या खंडनाला २९५ ओव्या दिल्या आहेत. उपमा इथे दागिना म्हणून आलेली नाही. ती काढली तर युक्तिवादच मोडतो. आणि अज्ञान गेलं की जगाला भ्रम म्हणायचं कारणही उरत नाही. जग म्हणजे एकाच चैतन्याचा विलास.

कुणी म्हणेल, ‘अमृतानुभवा’तला शिवशक्तीचा विचार नाथपंथाचा, शैवांची सूत्रंही ज्ञानदेवांना ठाऊक होती, मग यात त्यांचं स्वतःचं काय? मला हा आक्षेप पटत नाही. तिसरं प्रकरण वाचा. ज्ञान हेसुद्धा बंधनच, हे सांगताना ज्ञानदेव शिवसूत्राची साक्ष काढतात, श्रीकृष्णाचीही काढतात. आणि लगेच म्हणतात, शिवाने किंवा कृष्णाने सांगितलं म्हणून मी हे मानतो असं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी हे असंच असतं. १२९६ साली आळंदीला समाधी घेण्याआधी, गुरूला सर्वस्व मानणाऱ्या एका तरुणाने हे मराठीत लिहून ठेवलं. गीतेवरच्या टीकेत नव्हे, स्वतःच्या स्वतंत्र ग्रंथात.

आजोबा वाचताना त्या ओवीवर बोट ठेवून थांबायचे. पोथीचं ते पान त्या जागी काळवंडलं होतं.