पगार आणि बिगार



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. तेव्हा ज्या शब्दांसाठी मी तीस वर्षे भांडलो, ते आले कोठून हे पाहावेसे वाटले, एवढाच माझा अधिकार.

कामगार, रोजगार, बिगार, पगार. चौघांच्या शेवटी 'गार' हीच दोन अक्षरे. ही सारी एकाच घरची लेकरे, असे मी एका गेटसभेत ठासून सांगितले होते. सभेनंतर एक निवृत्त गुरुजी हळूच म्हणाले, "भाऊ, पगार त्यांतला नव्हे." वाचनालयात जाऊन कोश उघडला. गुरुजींचेच खरे निघाले.

कामगारातले 'काम' संस्कृत 'कर्मा'पासून आलेले. 'गार' हा 'करणारा' या अर्थाचा फारसी प्रत्यय. गुन्हेगारातही तोच आहे. (हे नाते काही मालकांना फार आवडेल!) रोजगार म्हणजे फारसीत दिवस, काळ, आपल्याकडे तो पोटापाण्याचा उद्योग झाला. पगार मात्र समुद्रावरून आला. पोर्तुगीजांत त्याचा अर्थ पैसे चुकते करणे. पाव, बटाटा आणि आपला मिस्त्रीही तिकडचेच. त्याचे मूळ लॅटिनमध्ये, आणि तेथे अर्थ आहे शांत करणे! घेणेकऱ्याचे देणे देऊन त्याला शांत करायचे. इंग्रजी 'पे' त्याच मुळाचा.

राहिला बिगार. फारसी 'बेगार', म्हणजे मोबदल्यावाचून सक्तीने करून घेतलेले काम. संस्कृतात त्याला 'विष्टि' म्हणत. त्यावरून आपली 'वेठ'. दोन्ही जोडून वेठबिगार, 'कागदपत्रा'सारखा एकच अर्थ दोनदा. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या २३ व्या कलमाने तिला बंदी केली. कलमाच्या इंग्रजी पाठातही शब्द 'बेगार' असाच ठेवला आहे. १९७६ मध्ये वेठबिगारीच्या निर्मूलनाचा स्वतंत्र कायदा झाला. तरी बांधकामावर रोज घेऊन राबणाऱ्याला आपण अजून बिगारीच म्हणतो.

एका कारखान्यात पाळी सुटल्यावर अर्धा तास झाडलोट करून घेत. मुकादम म्हणे, घरचेच काम समजा. एका वृद्ध कामगाराने आपल्या अहिराणीत विचारले, "भाऊ, हाई काम पगारनं शे का बिगारनं?" मुकादमाला उत्तर सुचेना. आमच्या मागणीपत्राचे पहिले कलम त्या संध्याकाळी लिहिले गेले. तो अर्धा तास हजेरीपटावर चढायला मात्र दोन वर्षे लागली.