सांभाळणे आणि शिकवणे



मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला स्मृतिव्याख्यानास बोलावले की तो संतसाहित्यावर किंवा कादंबरीवर बोलेल, असे श्रोते गृहीत धरून येतात. मी आज पाळणाघरावर बोलणार आहे. हा विषय मी ऐकवला तेव्हा संयोजकांच्या चेहऱ्यावर जो क्षणभर संभ्रम उमटला तो मी पाहिला. परंतु ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते ते मुख्याध्यापक असतानाही पहिलीच्या वर्गावर स्वतः जात असत, हे येथील जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या दाराशी येण्यापूर्वी मुलाचे काय होते, हा प्रश्न त्यांना परका वाटला नसता.

आरंभ शब्दापासूनच करतो. ती आमची खोडच आहे. आपल्या भागात शेत राखतात आणि पोरेही राखतात. राखणारा फक्त नुकसान होऊ देत नाही. त्याहून थोडा मोठा शब्द सांभाळणे. आणि पाळणे हा तर केवढा अर्थगर्भ शब्द! आपण लेकरू पाळतो, व्रत पाळतो, दिलेला शब्द पाळतो. या साऱ्यांपासून शिकवणे हे क्रियापद मात्र आपण फार लांब नेऊन बसवले. सांभाळणे हे आयाबायांचे काम, शिकवणे हे मास्तरांचे. पहिल्याला मोल नाही, दुसऱ्याला वेतनश्रेणी आहे. सहा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत ही विभागणी मुळातच खोटी आहे, एवढेच मला आज मांडावयाचे आहे.

आज माँटेसोरी हे नाव शहरातल्या महागड्या शाळांच्या फलकांवर दिसते. त्याचा उगम मात्र एका पाळणाघरात आहे. रोममधील सॅन लॉरेन्झो या गरीब कामगारांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी मारिया माँटेसोरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरे जिने आणि भिंती खराब करीत, म्हणून इमारतींच्या चालकांनीच त्यांच्यासाठी एक खोली दिली होती. हेतू राखण्याचाच होता, भिंती राखण्याचा! त्या खोलीत बाईंनी मुलांकडे नीट पाहिले आणि त्या पाहण्यातून शिक्षणाचा एक विचार जन्माला आला.

तो विचार मराठी मुलखात आणून रुजवला तो ताराबाई मोडक यांनी. आपल्याकडच्या श्रोत्यांना सांगितले पाहिजे की ताराबाईंच्या आयुष्याचा एक खडतर काळ जवळच्याच अमरावतीत गेला. पुढे राजकोट, आणि तेथून भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार निघाले. येथवरचे कार्यही एका आयुष्याला पुरले असते. परंतु सुस्थित घरांतील मुलांसाठीच आपले ज्ञान खर्ची पडते आहे, ही टोचणी त्यांना लागली आणि १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालपणीच वैधव्य आलेली, स्वकष्टाने शिकलेली ही शिक्षिका पुढे जन्मभर तेथेच राहिली. १९५७ मध्ये दोघींनी आपले काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत नेले. माझ्या मते मराठी बालशिक्षणाच्या इतिहासातील सर्वांत मोलाची पाने तेथे लिहिली गेली, आणि आमच्या वाङ्मयेतिहासांनी त्यांची दखल जेमतेमच घेतली.

कोसबाडला काय घडले? मुले शाळेत येईनात. मग शाळा मुलांकडे गेली. वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर शाळा भरली; ती कुरणशाळा. विलायती साधनांच्या जागी बिया, खडे, शिंपले, पाने आली. हे सर्व आपण पाठ्यपुस्तकी गौरवाने सांगतो. यातला एक धागा मात्र निसटतो. मोठ्या मुली शाळेत येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई रानात, मूल बहिणीच्या कडेवर, आणि बहीण शाळेबाहेर. या कोड्याचे उत्तर ताराबाईंनी उपदेशाने दिले नाही. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या आणि त्या रचनेला विकासवाडी हे नाव दिले. धाकटे पाळणाघरात उतरले की थोरलीचे दोन्ही हात मोकळे होत आणि ती पाटीला हात लावी. ते पाळणाघर म्हणजे त्या मुलीच्या शिक्षणाची पूर्वअटच होती.

आता आपल्या जामसावळीकडे येऊ. येथील निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला लांबलांबून लोक येतात. त्यांना वाटेत दुतर्फा संत्र्यांचे बगीचे दिसतात. त्या बगीच्यांत कोण राबते ते सहसा दिसत नाही. आंबिया बहाराचा तोडा दिवाळीच्या आगेमागे, मृगाचा तोडा फेब्रुवारीपासून पुढे, आणि मधल्या दिवसांत कापसाची वेचणी. बांधावरच्या निंबाला लुगड्याची झोळी बांधलेली असते आणि तिची दोरी आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती असते. मागच्या तोड्यात मुख्याध्यापकांनी मला पाचवी ते सातवीचे हजेरीपत्रक दाखवले. मुलींच्या नावांपुढील गैरहजेरीच्या खुणा आणि बगीच्याचे दिवस एकमेकांशी इतके जुळतात की निराळा पुरावा नको.

कायद्याला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ मध्ये ही संख्या तीसवर आणली गेली. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच मुले असली तरी त्यांना सांभाळण्यास एक बाई नेमण्याची तरतूद केली. २०१७ मध्ये मातृत्वलाभ कायद्यातील दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराचे बंधन घातले. पण दहा-पंधरा बायांच्या जोरावर तोडा उरकणारा बगीचा यांपैकी कोणत्या कलमात बसतो? आणि मालकही अनेकदा कर्जात बुडालेला लहान शेतकरीच असतो. त्याच्यावर डोळे वटारून काही हाती लागावयाचे नाही.

अंगणवाडी आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे, आणि तिचे ऋण मोठे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. परंतु शिजवलेला घास आणि बसण्याची जागा तेथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मिळते. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळाला घरी नेण्याचा आहार देतात. बाळ मात्र आईबरोबर परत जाते. म्हणजे ज्या वयात झोळीची दोरी कोणाच्या तरी हाती लागते, नेमके तेच वय उघड्यावर राहते. २०२२ पासून मिशन शक्तीमधील ‘पालना’ योजनेने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याचा मार्ग धरला आहे. हा विचार कोसबाडचाच आहे, उशिरा का होईना.

पण नुसते पाळणाघर उघडून भागत नाही. ते चांगले की वाईट, हे कशावरून ओळखावे? भिंतीवरच्या चित्रांवरून खचित नव्हे. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पंचवीस मुलांना एक सेविका आणि एक मदतनीस असे प्रमाण होते. चार हातांत पंचवीस मुले. त्यातली काही रांगती, काही तापलेली! अशा ठिकाणी मूल जिवंत आणि कोरडे राहिले तरी बाईंचे उपकार मानावेत. मी जेव्हा एखादी बालवाडी पाहतो तेव्हा एकच गोष्ट न्याहाळतो: दुपटे बदलताना, तोंड पुसताना, घास भरवताना बाई मुलाशी बोलते की नाही. “हा बघ तुझा हात, हा गेला बाहीत” हे वाक्य म्हणजे त्या वयाचा व्याकरणाचा आणि शरीरशास्त्राचा एकत्र तास आहे. मूल उत्तरादाखल नुसता हुंकार देते, बाई त्या हुंकाराला उत्तर देते आणि भाषा सुरू होते. मुकाट्याने भरवलेला घास पोट भरतो. बोलत भरवलेला घास आणखी काही भरतो.

आणि बोलायचे कोणत्या भाषेत? येथे माझा विषय मला पुन्हा गाठतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये नव्याने आखली गेली, नागपूर तिकडे गेले आणि सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला तरी घरातली बोली तीच आहे. १९५६ च्याच घटनादुरुस्तीने ३५०-क हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले गेले. प्राथमिकच्या आधीचे काय, हे ते कलम सांगत नाही. घरी ‘भाकर’ म्हणणाऱ्या मुलाच्या हाती अंगणवाडीत ‘रोटी’चे चित्र येते. हिंदीशी माझे भांडण नाही; ती आमच्या मुलांना आलीच पाहिजे आणि ती येतेही. परंतु तीन वर्षांच्या मुलाचा पहिला शब्द चुकीचा ठरवला गेला तर ते दुसरा शब्द उच्चारावयास धजत नाही. गोंडी बोलणाऱ्या घरातील मुलाची अडचण तर दुप्पट. त्याच्यासाठी आमची मराठीही परकीच असते, हे मराठीच्या अभिमान्यांनी विसरू नये. गावातलीच, मुलाची बोली बोलणारी सेविका हे त्यावरचे साधे उत्तर आहे. ती सहसा असतेही. तिला आपली बोली वर्गात वापरण्याची मोकळीक आणि मान हवा.

मानाचा विषय निघाला म्हणून सांगतो. या स्त्रिया कागदोपत्री मानसेवी. मिळते ते मानधन. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला, तोवर योजनेला सेहेचाळीस वर्षे उलटून गेली होती. वेतनाऐवजी मान देण्याची ही युक्ती आमच्या समाजाला फार जुनी अवगत आहे.

माजी विद्यार्थ्यांनी या वर्षी शाळेला स्मारक-प्रवेशद्वार बांधून देण्याचे ठरवले आहे, असे मला येथे आल्यावर कळले. संकल्प चांगला आहे. तथापि शाळेच्या मागील अंगाला विहिरीकडची एक खोली रिकामी आहे. तीत सध्या मोडकी बाके रचलेली आहेत. तोड्याच्या आणि वेचणीच्या महिन्यांत तेथे बारा-पंधरा बाळांसाठी पाळणाघर चालवावे, गावातल्या तीन बायांना रीतसर पगार द्यावा, आणि विहिरीला पक्के कुंपण घालावे. बाळे येथे उतरली की त्यांच्या बहिणी पलीकडच्या वर्गात बसतील. खर्चाचा कच्चा आराखडा मी करून आणला आहे आणि तो कार्यवाहांच्या हाती देतो. प्रवेशद्वाराच्या रकमेत तो किती वर्षे भागेल, हा हिशेब त्यांनी आजच्या सभेनंतरच्या बैठकीत मांडावा, अशी माझी विनंती आहे.