मुक्तिसदनाची रमाबाई

पंडिता रमाबाईंचं बालपण बिऱ्हाड पाठीवर घेऊनच गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरायचे. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गेले. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पतीही गेले. उरली तान्ही मुलगी मनोरमा.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. समाजानं टाकलेल्या स्त्रियांना लंडनमधल्या ख्रिस्ती भगिनी मायेनं जवळ करतात, हे त्यांनी पाहिलं. त्याच वर्षी वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र बुद्धी गहाण टाकली नाही. शाकाहार सोडला नाही, धर्मगुरूंशी वादही घातले.

या श्रद्धेत त्यांना आधार मिळाला आणि त्यांनी तो इतरांना दिला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदासदन सुरू झालं. पुढं दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुली-बायकांना पुण्याजवळच्या केडगावी मुक्तिसदनात आसरा मिळाला. तिथं शिक्षण होतं, विणकाम होतं, छापखानाही होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं.

१९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी रमाबाईंनी काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावीच त्यांचं निधन झालं. मुक्तिसदन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांना आसरा देते.